मागच्या दाराचा प्रश्न

दोस्तहो, आपण दुःखावर पुष्कळ लिहितो. सुखावर लिहायला बसलं की हात अडतो. जणू सुख ही त्यांची जहागीर आणि दुःख आपलं वतन. पण सुख कसं तयार होतं, कोण तयार करतं आणि तयार करणारा त्या वेळी कुठं उभा असतो, हाही नीतीचाच प्रश्न आहे. मी तो असा मांडतो : एका माणसाला आनंद व्हावा म्हणून दुसऱ्या माणसाला नजरेआड ठेवावं लागत असेल, तर तो आनंद चांगला की वाईट?

झटकन 'वाईट' म्हणून मोकळे होऊ नका. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला आपली पोरंही रडतात. पाळणा वर गेला की अख्खं सोलापूर दिवे लावून खाली पसरलेलं दिसतं. पाळणा फिरवणारा इंजिनाच्या धुरात उभा असतो, तो वरून दिसत नाही. म्हणून काय पाळण्यात बसायचंच नाही?

या प्रश्नानं मला धरलं ते एका खानावळीत. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. पहिली पाळी सुटली की स्टँडजवळ जेवतो. तिथं लांब बाकडी आहेत, जो येईल तो रिकाम्या जागी बसतो. एक दिवस समोर एक पाहुणा आला. आठ दिवसांच्या सुट्टीवर निघालेला, विजापूरचा गोलघुमट बघून परतीच्या गाडीची वाट बघणारा. त्यानं नाव विचारलं, मी आडनावासकट सांगितलं. त्याचा घास थांबला नाही, हे मी नोंदवून ठेवतो. मी त्याचा धंदा विचारला. म्हणाला, "मी थीम पार्क डिझाइन करतो."

म्हणजे तिकीट काढून आत जायचं; आत खोटे डोंगर, खोटे किल्ले, पाळणे, घसरगाड्या, दिवसभर नुसती मजा. आपल्याकडं गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली निघालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली. हा माणूस अशा नगऱ्यांचे नकाशे काढतो, सध्या आखातातल्या.

कडक भाकरी मोडत त्यानं मला त्याच्या विद्येतल्या खुब्या सांगितल्या. मला त्या आवडल्या, खोटं कशाला बोलू? अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. तिथं आत शिरल्यावर लागणाऱ्या रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेत, म्हणजे इमारत आहे त्याहून उंच वाटते. जे दाखवायचं नाही ते नजरेत न भरणाऱ्या हिरवट रंगानं रंगवतात, डोळा त्यावरून घसरून जातो. कामगाराला तिथं कामगार म्हणत नाहीत, 'नट' म्हणतात. झाडूवालासुद्धा नट. पुढचा भाग म्हणजे रंगमंच, मागचा भाग म्हणजे पडद्यामागचा.

मी विचारलं, "साहेब, मग हे नट ये-जा कुठून करतात?"

"तीच तर गंमत आहे," तो म्हणाला. १९७१ साली फ्लोरिडात दुसरी नगरी उघडली, तिच्याखाली भुयारांचं जाळं आहे. खरं तर ती भुयारं जमिनीच्याच पातळीवर आहेत. तिथं खणलं की लगेच पाणी लागतं, म्हणून आधी भुयारं बांधली, तळं खोदून निघालेली माती त्यांच्यावर घातली आणि लोकांची नगरी वरच्या मजल्यावर वसवली. कपडे बदलणं, माल आणणं, कामगारांचं जेवण, सगळं खाली. कचरासुद्धा मोठ्या नळ्यांतून हवेच्या जोरानं ओढून नेतात. वरच्या माणसाला कचऱ्याची गाडी कधी दिसत नाही.

मी घास खाली ठेवला. म्हटलं, "साहेब, हा नकाशा आमच्याकडं जुना आहे. आमचं गाव असंच बांधलेलं होतं."

हे मी टाळ्यांसाठी बोललो नाही. गावाचा रंगमंच गावकुसाच्या आत. मेलेलं ढोर ओढणारा, रस्ता झाडणारा, मर्तिकाची खबर घेऊन पळणारा गावकुसाबाहेर. त्याची वाट वेगळी, पाणवठा वेगळा. काम गावभर दिसायचं, करणाऱ्याची सावलीसुद्धा नको. फरक एवढाच की फ्लोरिडातला माणूस पाळी संपली की कपडे बदलून घरी जातो. आपल्या बापजाद्यांची पाळी कधी सुटतच नव्हती, ती जन्मापासून लागलेली.

पाहुणा हुशार होता, चिडला नाही. म्हणाला, "मी माणसाला लपवत नाही, कष्ट लपवतो. वर्षभर राबून आलेल्या माणसाला एक दिवस कष्ट दिसू नयेत, एवढंच. पाळी सुटल्यावर तुम्हाला मशीन बघावंसं वाटतं का? आणि तुम्ही कविता करता म्हणालात. खोडलेल्या ओळी छापता का?"

हा मुद्दा वजनदार आहे, त्याला शिवी देऊन चालणार नाही. दुकानातल्या टॉवेलवर माझ्या छातीत गेलेला कापूस दिसत नाही, आणि तो दिसावा असं माझंही म्हणणं नाही. अंग पुसणाऱ्यानं सुखानं अंग पुसावं. मीही खोडलेल्या ओळी छापत नाही. कष्ट झाकणं हा गुन्हा नाही.

पण कष्ट झाकता झाकता करणारा कधी झाकला जातो, ते कळत नाही. ओळखायची खूण एकच : झाकलेला माणूस पुढच्या दारानं आत येऊ शकतो का? मी खोडलेली ओळ झाकतो, पण कवितेखाली नाव माझंच असतं. टॉवेल विणणारा तो टॉवेल विकत घेऊ शकतो का? नगरी झाडणारा रविवारी पोरांना घेऊन त्याच नगरीत येऊ शकतो का? कॅलिफोर्नियातल्या डिस्ने कामगारांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. कामगार संघटनांनीच ती करवून घेतली होती, कंपनीनं ती मानली नाही. तिच्यात सुमारे ५,००० कामगारांची उत्तरं होती. दोन तृतीयांशांहून जास्त जणांना पुरेशा जेवणाची शाश्वती नव्हती. दहातल्या एकाहून जास्त जणांवर मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर व्हायची पाळी आली होती. इथं रंगाचा, पडद्याचा प्रश्न उरत नाही. इथं ताटाचा प्रश्न येतो.

मग कुणी म्हणेल, सोपं आहे, पडदा फाडा, राबणाऱ्याला समोर आणून दाखवा. थांबा. दाखवण्याचाही एक इतिहास आहे. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते माहीत आहे ते तिथं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळं. तिथं विवेकानंद बोलले, अनागारिक धम्मपालही बोलले. त्याच प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनियरनं २६४ फूट उंचीचा पहिला महापाळणा उभारला. पुढं डिस्नेलँड काढणाऱ्या वॉल्ट डिस्नेचा बाप तिथं सुतारकामाला होता. आणि त्याच मजेच्या रस्त्यावर आफ्रिकेतल्या दाहोमीची माणसं एका 'गावात' आणून बसवली होती, तिकीट काढून बघायला. ती माणसं लपवलेली नव्हती, चांगली उजेडात होती. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांना, ज्यांच्या घामावर तो देश उभा राहिला, त्यांना त्या प्रदर्शनात मानाची जागा नव्हती. आयडा वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी याविरुद्ध पुस्तिका काढून वाटली. आपण चोपडी काढतो तशीच.

आपल्याकडंही आता खेडं मांडून दाखवतात. कोल्हापूरजवळ कणेरीला बलुतेदारांच्या सिमेंटच्या पुतळ्यांचं अख्खं गाव आहे. सहली जातात, पोरं खूष होतात. पण पुतळा बलुतं मागत नाही, पाणवठ्यावर चढत नाही. ज्या खेड्याला बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत सडेतोड नाकारलं, ते पुतळ्यांचं झालं की गोजिरवाणं दिसायला लागतं. म्हणजे लपवणं जसं माणसाला मारतं, तसं मांडणंही मारतं. दोन्हीकडं त्याला बोलता येत नाही.

मग तिसरं काय? मला वाटतं, त्याचं उत्तर त्या बाकड्यावर होतं. जेवण झाल्यावर पाहुणा भाकरी थापणाऱ्या मावशींकडं गेला आणि त्यांचा फोटो काढायला लागला. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "फोटू कशाला काढायलाव? भाकर कशी झाली ते सांगा की."

पाहुण्यानं मोबाईल खिशात घातला. "एक नंबर झाली," म्हणाला. "एवढी पातळ कशी करता?" मावशी सांगायला लागल्या.

दोस्तहो, ही चळवळ नव्हे, हे मला कळतं. एका बाकड्यावर जेवल्यानं जात मरत नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय की सहभोजनानं जात मोडलेली नाही. आंतरजातीय लग्नं झाली पाहिजेत आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांची सत्ता उखडली पाहिजे. पण ताट ही फुकाची गोष्टही नाही. २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा ती मंडपात जेवत होती. अन्न मातीत तुडवलं गेलं. तुडवणाऱ्यांना ताटाची किंमत बरोबर ठाऊक होती. समोरासमोर बसून खाताना माणूस लपत नाही आणि देखावाही होत नाही. तो विचारू शकतो, आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. समता म्हणजे पुरती हीच नव्हे, पण हिच्याशिवाय जी समता सांगतात ती भंकस.

आणि हा प्रश्न फक्त डिस्नेला विचारून आपल्याला घरी जाता येणार नाही. आपल्या शिबिरात आपण स्टेजवर मूल्यांवर तासभर बोलतो. मंडपाच्या मागं दगडांच्या चुलीवर आपल्याच आयाबहिणी दोनशे माणसांचं रांधत असतात. भाषण त्यांना ऐकू येत नाही, कारण पडद्याच्या मागं कर्णा नसतो. जेवतात त्या सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं. आभारात त्यांचं नाव 'आणि इतर' असतं. हे भुयार आपणच खोदलंय, त्याला कुणी अमेरिकन इंजिनियर लागला नाही.

तेव्हा पुढच्या शिबिरात एवढं करू. चूल मंडपात आणू, नाहीतर कर्णा चुलीपाशी नेऊ. रांधायच्या पाळ्या लावू, वक्त्यांसकट. पहिली पंगत रांधणाऱ्यांची बसवू, वाढायला आपण उभे राहू. आणि त्यांनी विचारलं की भाषण कसं झालं, तर आधी भाकरी कशी झाली ते सांगू.