मोजपट्टी कोणाची?

मे १९९८मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या शताब्दी सोहळ्यात राष्ट्राध्यक्ष च्यांग झमिन यांनी चीनला जागतिक दर्जाची विद्यापीठे हवीत, असे जाहीर केले. अशी विद्यापीठे घडवण्याच्या ‘९८५ प्रकल्पा’ची सुरुवात तिथली. आपण किती मागे आहोत, हे मोजण्यासाठी २००३मध्ये शांघायच्या च्याओ तोंग विद्यापीठाने जागतिक क्रमवारीच काढली.

तिच्यात नोबेल पारितोषिकांना आणि ‘नेचर’, ‘सायन्स’मधल्या लेखांना गुण असतात. पण ज्ञानाचे मोल ज्ञानात असते की जगाच्या पावतीत? वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशातले लानचौ विद्यापीठ कुरणांचा अभ्यास करते. तो मेंढपाळाच्या किती उपयोगी पडला, याला त्या क्रमवारीत रकानाच नाही. हा अन्यायच आहे.

२०२२मध्ये रेनमिन, नानजिंग आणि लानचौ ही विद्यापीठे आंतरराष्ट्रीय क्रमवारींतून बाहेर पडली. त्यांचा निर्णय योग्यच होता.