सलाम नाकारण्याचा हक्क

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती 1791 सालची. धर्मस्वातंत्र्य आणि भाषणस्वातंत्र्य यांवर गदा आणणारा कायदा काँग्रेसने करू नये, असं ती बजावते. हाच मजकूर समोर ठेवून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 1940 रोजी ठरवलं, की शाळेत ध्वजाला सलाम न करणाऱ्या मुलांना काढून टाकणं घटनेत बसतं. 14 जून 1943 रोजी त्याच न्यायालयाने ठरवलं, की मुळीच बसत नाही. मधल्या तीन वर्षांत त्या मजकुराचा काना-मात्राही हललेला नव्हता. हक्क घटनेने दिलेले असतात, असं आपण सहज बोलून जातो. तसं बोलण्याआधी या दोन निकालांपाशी थोडं थांबायला हवं.

पहिलं प्रकरण माइनर्सव्हिलचं. पेनसिल्व्हेनियातलं हे कोळशाच्या खाणींचं लहानसं गाव. तिथे गोबिटास कुटुंबाचं किराणा दुकान होतं आणि घर ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाचं. देवाशिवाय कशापुढेही नमायचं नाही आणि ध्वज हीदेखील एक प्रतिमाच, अशी त्यांची श्रद्धा. 1935 च्या ऑक्टोबरात दहा वर्षांच्या बिलीने वर्गात सलामासाठी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बारा वर्षांची बहीण लिलियनही तशीच उभी राहिली. बिलीने शाळा मंडळाला स्वतः पत्र लिहिलं: देशावर माझं प्रेम आहे, पण देवावर जास्त आहे, अशा आशयाचं. मंडळाने दोघांनाही काढलं, आणि दुकानावर बहिष्कार आला. तेव्हाचा सलाम छातीवर हात ठेवून होत नसे. उजवा हात ताठ पुढे करायचा, जवळपास हिटलरला करत तसाच. युद्धात उतरल्यावर हे साम्य भलतंच खुपायला लागलं आणि डिसेंबर 1942 मध्ये काँग्रेसने पद्धत बदलली.

1940 चा निकाल आठ विरुद्ध एक असा लागला. तो लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. हे गृहस्थ काही दडपशाहीचे भाट नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू. साको आणि व्हान्झेटी या दोन इटालियन स्थलांतरितांच्या खटल्यातल्या अन्यायाविरुद्ध लेखणी चालवलेले. त्यांचं म्हणणं असं, की मुलांना देशप्रेम कसं शिकवायचं हे लोकांनी निवडलेल्या मंडळाने ठरवावं, न्यायाधीशांनी शाळा चालवायला घेऊ नये. या संयमामागे कडू अनुभव होता. 1905 मध्ये लॉकनर खटल्यात याच न्यायालयाने बेकरी कामगारांचे तास आठवड्याला 60 वर आणणारा न्यूयॉर्कचा कायदा ‘कराराच्या स्वातंत्र्या’च्या नावाखाली रद्द केला होता. न्यायाधीशाच्या हाती हक्कांची काठी दिली, की ती बहुतेक वेळा गरिबाच्याच पाठीत बसते, हे फ्रँकफर्टर यांच्या पिढीने पुरतं ओळखलं होतं.

म्हणून त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो फसतो एकाच जागी. कायदा चुकला तर तो निवडणुकीतून दुरुस्त करून घ्या, हा सल्ला ज्याच्या गाठीला मतं आहेत त्यालाच लागू पडतो. गावात मूठभर असलेल्या आणि इतरांना नकोशा झालेल्या पंथाने कुठली निवडणूक जिंकायची? हार्लन स्टोन यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवलं, ते नेमकं यावर बोट ठेवून.

पुढे काय झालं ते तर्काच्या पलीकडचं होतं. निकालाला आठवडाही उलटला नव्हता, तोच मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये जमावाने या पंथाचं सभागृह जाळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुडमध्ये पंथाच्या लोकांना बळजबरीने एरंडेल पाजलं गेलं. ही माणसं देशद्रोही आहेत, असं खुद्द सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा लोकांनी सोयीस्कर अर्थ काढला. 1942 मध्ये ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तीन न्यायमूर्तींनी दुसऱ्याच एका खटल्यात कबूल केलं, की आपलं 1940 चं मत चुकलं. दरम्यान दोन नवे न्यायमूर्ती आले होते. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट कुटुंबाचा खटला आला, तेव्हा पारडं सहा विरुद्ध तीन असं फिरलं. (गोबिटास आणि बार्नेट, दोन्ही आडनावं न्यायालयाच्या दप्तरात चुकीची लिहिली गेली आणि कायद्याच्या पुस्तकांत तशीच राहिली.) निकाल लिहिणारे रॉबर्ट जॅक्सन धर्मापाशी थांबले नाहीत. मनात नसलेलं कुणाच्याही तोंडून वदवून घेण्याचा सरकारला अधिकार नाही, काही गोष्टी मतदानाच्या आवाक्याबाहेर ठेवण्यासाठीच हक्कांची सनद असते, असं त्यांनी भर युद्धात लिहिलं. फ्रँकफर्टर अखेरपर्यंत विरोधात राहिले.

आपल्या घटनेवरही याच फ्रँकफर्टर यांची सावली पडलेली आहे. 1947 मध्ये घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत त्यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’चं, म्हणजे उचित प्रक्रियेचं, कलम न्यायाधीशांना फार अधिकार देतं, हा त्यांचा सल्ला राव यांना पटला, आणि आपल्या 21व्या कलमात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांना दोन्ही वाटांवर धोका दिसत होता. त्यांनी निवड सभागृहावर सोडली, आणि पुढे 22व्या कलमातून अटकेविरुद्ध काही संरक्षणं घातली. 1950 च्या गोपालन खटल्यात त्या सावधपणाची किंमत दिसली: कायदा रीतसर झालेला असला की पुरे, तो न्याय्य आहे का हे न्यायालय पाहणार नाही, असं ठरलं. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने जुन्याच शब्दांतून नवा अर्थ काढला: कार्यपद्धती न्याय्यही असायला हवी. इथेही अक्षर बदललं नव्हतं. 1986 मध्ये केरळातली याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहिली, पण गायली नाहीत म्हणून त्यांना शाळेतून काढल्याचं प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं करणारा 2016 चा आदेश 2018 मध्ये मागे घ्यावा लागला, तेव्हा हा निकाल अनेकांना आठवला असेल. शेजारचा उठतो की नाही, यावर नजर ठेवणारे प्रेक्षक मात्र आदेशाच्या आधीही होते आणि नंतरही आहेत.

पण अर्थ बदलण्याची ही मुभा दोन्ही बाजूंना धावते. 1973 मध्ये मान्य केलेला गर्भपाताचा हक्क अमेरिकेच्या न्यायालयाने 2022 मध्ये काढून घेतला, आणि कारण दिलं ते थेट फ्रँकफर्टर यांच्या तोंडी शोभणारं: प्रश्न लोकप्रतिनिधींकडे परत जाऊ द्या. जॅक्सन यांच्या निकालावर खूश होणाऱ्याला हे पचवावंच लागतं. माझ्यापुरता निकष एवढाच, की प्रश्न मतपेटीकडे पाठवताना हरणाऱ्याला तिथे खरंच काही बळ आहे का, ते आधी पाहावं. कॅन्सासमध्ये त्याच वर्षीच्या ऑगस्टात विधिमंडळाने मांडलेली गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती मतदारांनी फेटाळून लावली. तिथे ते बळ होतं. टेक्सासमध्ये सह्या गोळा करून असा प्रश्न मतदानाला आणण्याची सोयच नागरिकांना नाही, आणि तिथे गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे.