पुस्तकातली दानाए

मागच्या वर्षी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बाबांना म्हणाले, "पुस्तकात बघणं म्हणजे काही खरं बघणं नाही हो, बाबा." ते "असेल" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. ते वाक्य तेव्हापासून मला टोचतंय. ते चूक होतं, की बरोबर असूनही बोलायला नको होतं? परदेशात राहून तुम्हीही घरच्यांना कधीतरी असलं काही ऐकवलं असेल, म्हणून तुमच्यापुढेच मांडते.

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. दरवर्षी एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलं बसवायचे. लग्नाआधी कधीतरी त्यांनी सोविएत पुस्तकांच्या प्रदर्शनातून लेनिनग्राडच्या ऑरोरा प्रकाशनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं: हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं. सोविएत पुस्तकं स्वस्त असत, नाहीतर शाळामास्तरला असलं पुस्तक कुठून परवडणार! त्यात रेम्ब्राँचं उधळ्या पुत्राचं चित्र होतं. गुडघे टेकलेल्या मुलाच्या पाठीवर म्हाताऱ्या बापाचे दोन हात. "नीट बघ," बाबा म्हणायचे, "एक हात रुंद, राकट आहे, दुसरा नाजूक. एकाच माणसाचे आहेत ना?" मी सात-आठ वर्षांची असेन. बघायचं म्हणजे काय, ते मी त्या पानावर शिकले. रेम्ब्राँचीच 'दानाए'ही त्यात होती. पलंगावर विवस्त्र पहुडलेली, उजेडाकडे हात उंचावलेली. ते पान उघडं राहिलं की आई येता-जाता पुस्तक मिटून ठेवायची.

पुढे मी पीएचडी केली, पोस्टडॉक म्हणून मेरीलँडला आले. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी मेट्रोने तासाभरावर, शिवाय प्रवेश फुकट. तिथे पहिल्यांदा रेम्ब्राँचं चित्र समोरासमोर बघितलं. रंगाचा थर जाड, उजेड पडेल तसा बदलणारा. पुस्तकातले तपकिरी किती मेलेले होते ते कळलं, आणि त्या भरात मी ते वाक्य बोलून गेले.

माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. कॅनव्हासवरची दानाए सुमारे दोन मीटर रुंद आहे, पुस्तकातली माझ्या वितीएवढी. छपाईत आकार जातो, पोत जातो. पण मग मला दानाएचं पुढे काय झालं ते आठवलं. १५ जून १९८५ रोजी हर्मिटाजमध्ये एका माणसाने त्या चित्रावर चाकूचे वार केले आणि सल्फ्युरिक आम्ल फेकलं. रंग वितळून खाली ओघळला. दुरुस्तीला बारा वर्षं लागली. १९९७ मध्ये चित्र पुन्हा लोकांसमोर आलं, पण जे गेलं ते सगळं परत आलं नाही. आज कुणी पीटर्सबर्गला जाऊन मूळ चित्रासमोर उभं राहिलं, तर त्याला दिसते ती जखमी दानाए. बाबांचं पुस्तक त्याआधीचं. आई मिटून ठेवायची त्या पानावर ती धडधाकट आहे.

मग खरं चित्र कुणी बघितलं? तत्त्वज्ञानाच्या वर्गात याचं उत्तर कदाचित सोपं असेल, मूळ ते मूळच. मला तेवढं सोपं वाटत नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघते. चमकणारा रंग लावलेला नमुना उजेडात धरला की बघता बघताच फिका पडतो. शेवटी आमच्या हाती प्रतिमाच उरते आणि तिच्यावर विसंबून आम्ही शोधनिबंध लिहितो. तिथे मला कुणी म्हणत नाही की, बाई, तू खरं बघितलंच नाहीस.

अर्थात पुस्तकाचीही मी सरसकट वकिली करणार नाही, कारण ते पुस्तक गप्प राहून खोटं बोलत होतं. रशियाच्या राणी कॅथरिनने १७७२ मध्ये पॅरिसचा क्रोझा संग्रह विकत घेतला. त्यात दानाए होती आणि राफाएलचा छोटा 'संत जॉर्ज'ही. दोन्ही चित्रं दीडशेहून जास्त वर्षं एकाच संग्रहात होती. मग १९३०-३१ मध्ये परकीय चलनासाठी सोविएत सरकारने गुपचूप एकवीस चित्रं अँड्र्यू मेलनला विकली. तो तेव्हा अमेरिकेचा अर्थमंत्री होता! त्याच चित्रांसह त्याने आपला संग्रह देशाला दिला आणि १९४१ मध्ये वॉशिंग्टनची गॅलरी उघडली. संत जॉर्ज तिथे आहे. आमच्या पुस्तकात कॅथरिनच्या खरेद्यांची कौतुकं आहेत, विक्रीबद्दल अवाक्षर नाही. पण ज्या सरकारने चित्रं विकली, त्याच सरकारच्या स्वस्त छपाईमुळे रेम्ब्राँ सांगलीत पोचला. या दोन गोष्टींचा हिशेब कसा मांडायचा, मला अजून जमलेलं नाही.

माझं स्वतःचं मात्र थोडं उलगडलं. त्या रविवारी मी चित्रकलेबद्दल बोलतच नव्हते. मला व्हिसा मिळाला होता, बाबांना कधी पासपोर्टही लागला नव्हता, आणि तो फरक मी नजरेचा फरक म्हणून त्यांच्या तोंडावर फेकला. मूळ चित्रासमोर उभं राहणं हे भाग्य आहे. ते मी कर्तृत्वासारखं मिरवलं.

गेल्या महिन्यात संत जॉर्जसमोर उभी राहून बाबांना फोन लावला. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. हे चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढं आहे. पुस्तकात छापलं असतं तर याच मापाचं आलं असतं. आधी मी त्यांना विक्रीची हकिकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोन जरा पायाकडे ने. पोटरीवर पट्टी आहे का काही? अक्षरं दिसतायत." मी वाकून बघितलं. निळी पट्टी होती, तिच्यावर बारीक अक्षरं होती. त्या चित्रासमोर मी तिसऱ्यांदा उभी होते.

"आता घोड्याकडे ने," बाबा म्हणाले. "आणि हात हलवू नकोस."