पुढे काय झालं?

मातीत पुरलेल्या एका लहान मुलाचा चेहरा. बाकीचं शरीर मातीखाली गेलेलं. डोळे उघडे, पण त्यांवर दुधासारखा पडदा. आजूबाजूला खडे आणि माती, आणि कपाळाजवळ कुणातरी मोठ्या माणसाचा हात.

हा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलाच असेल. डिसेंबर १९८४, भोपाळ. रघु राय यांनी तो कृष्णधवल टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला १९८४ सालचा 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. ते मूल कोण होतं, हे दोघांनाही कळलं नाही. जगाला चेहरा पाठ झाला, पण नाव मिळालंच नाही.

भोपाळ घडलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. माझ्या पिढीसाठी भोपाळ म्हणजे हा फोटो. इंजिनिअरिंगला पर्यावरणाचा एक सक्तीचा विषय असतो, त्यात आमच्या सरांनी तो प्रोजेक्टरवर दाखवला होता. शेवटच्या बाकांवरचीसुद्धा कुजबुज थांबली. मग तास संपला आणि परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्न आला: भोपाळ दुर्घटनेवर टीप लिहा. मिथाइल आयसोसायनेट, सुमारे ४० टन, २ आणि ३ डिसेंबरची रात्र. सगळ्यांनी लिहिलं.

प्रश्न असा आहे: त्या वर्गात जे काही झालं, गळ्यात आवंढा अडकला, त्याची नैतिक किंमत किती?

यावर साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. पहिलं, 'एक फोटो जग बदलतो.' दुसरं माझ्या रूममेटचं. असा एखादा फोटो मोबाइलवर आला की तो म्हणतो, "अरे, आपण बघतो, हळहळतो, आणि पुढच्या रीलवर जातो. दुसऱ्याच्या दुःखावर फुकटात चांगलं वाटून घेतो, बास." मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

पहिल्याला थोडा आधार आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानात बोडरमजवळच्या किनाऱ्यावर सापडलेल्या सीरियन मुलाचा फोटो आठवा. लाल शर्ट, पालथं पडलेलं छोटं शरीर. तो फोटो छापून आल्यावरच्या आठवड्यात स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीला रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून जास्त झाली. सीरियातलं युद्ध तेव्हा चार वर्षं चालू होतं, मृतांचे आकडे लाखांत गेले होते. आकड्यांना जे जमलं नाही ते एका फोटोने केलं. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की काही आठवड्यांतच देणग्यांची लाट ओसरली. युद्ध मात्र चालूच राहिलं.

आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. सर्व्हर बिघडला की रात्री दोन वाजता फोन ठणाणा वाजतो. स्क्रीनवर दोन बटणं असतात: 'अ‍ॅक्नॉलेज' आणि 'रिझॉल्व्ह'. पहिलं दाबलं की आवाज थांबतो. त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी जागं झालंय आणि त्याने हे बघितलंय. सर्व्हर अजून बंदच असतो. ठरावीक वेळात दुसरं बटण दाबलं गेलं नाही, तर फोन पुन्हा वाजतो.

फोटो पाहून डोळ्यांत पाणी येणं हे पहिलं बटण आहे. ते खोटं नाही आणि फुकटही नाही, कारण अलार्म वाजलाच नाही तर कुणी उठणारच नाही. रूममेटचं इथे चुकतं. पण फोटो पुन्हा वाजत नाही, आणि आवाज थांबला म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटत राहतं. 'जग बदललं' म्हणणारे इथे चुकतात.

मग भोपाळचं पुढे काय झालं? फेब्रुवारी १९८९ मध्ये युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. लाखो दावेदारांत ती वाटल्यावर बहुतेक आजारी माणसांच्या हाती सुरुवातीला आले २५,००० रुपये. कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन जामिनावर सुटून अमेरिकेला गेले ते परतले नाहीत. २०१४ मध्ये ते तिकडेच वारले. जून २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त काळाने, सात जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. वाढीव भरपाईसाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. या सगळ्या वर्षांत कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा तिथेच पडून होता आणि आसपासच्या वस्त्यांचं भूजल दूषित होत होतं.

हा परिच्छेद वाचताना तुमच्या गळ्यात आवंढा आला नसेल. मला लिहितानाही आला नाही. मला खरा पेच इथे दिसतो. फोटोची ताकद एका क्षणात असते आणि अन्यायाचा आकार मात्र लांबलचक असतो: तारखा, फायली, हँडपंपाचं पाणी, चाळीस वर्षं लागणारी धाप. त्या मुलाला आता कुणीही काही देऊ शकत नाही. ज्यांना देता आलं असतं ते त्या फोटोसारखे दिसत नाहीत. रांगेत उभी असलेली, खोकणारी, वय झालेली बाई पुरस्काराच्या फोटोत क्वचितच मावते. आपलं मन फक्त फोटोत मावणाऱ्या दुःखालाच ओ देऊ लागलं, तर उरलेलं दुःख अनाथ होतं.

आणि कधीकधी आपण 'पुढे काय झालं?' हा प्रश्न विचारतो, पण चुकीच्या माणसाला. मार्च १९९३ मध्ये केविन कार्टरचा सुदानमधला फोटो 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला: उपासमारीने कोसळलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. त्या मुलाचं काय झालं, असं वाचकांनी इतकं विचारलं की चार दिवसांनी वृत्तपत्राला खुलासा छापावा लागला. प्रश्न योग्यच होता. पण लवकरच तो 'तू काय केलंस?' असा होऊन एका फोटोग्राफरवर रोखला गेला. कार्टरला १९९४ मध्ये पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी जुलैत त्याने आत्महत्या केली. त्याच्या मनात काय काय होतं, याचा निवाडा आपण करू नये. पण आजही त्या फोटोची चर्चा निघते ती कार्टरच्या माणुसकीवर. सुदानची यादवी २००५ च्या करारापर्यंत चालली, हे किती चर्चांत येतं? सोप्या आरोपीला पकडलं की अवघड प्रश्न बाजूला ठेवता येतो.

रूममेटचा पुढचा मुद्दा मला मान्य आहे: "रोज दहा फोटो येतात, सगळ्यांचा माग काढत बसलो तर नोकरी कधी करू?" सगळ्यांचा नाहीच काढता येणार. ऑन-कॉलवालाही सगळ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळत नाही, त्याच्या वाट्याचे सांभाळतो. तुम्हाला आतून हलवणारा एक फोटो निवडा. त्याचं ठिकाण आणि तारीख लिहून ठेवा, सहा महिन्यांनी फोनमध्ये रिमाइंडर लावा. तो वाजला की बघा: भरपाई मिळाली का, चौकशी कुठे अडली, तिथे कोण काम करतंय, त्यांना काय हवंय. मग पैसे द्या, लिहा, नाहीतर निदान चारचौघांत त्याबद्दल नेमकं बोला.

याने काय होतं? भोपाळमध्ये झालं ते असं. कचरा हटवण्याबाबतची याचिका २००४ पासून न्यायालयात होती. ३ डिसेंबर २०२४ ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून भोपाळबाहेर निघाला. हे फोटोने केलं नाही. चाळीस वर्षं न थकता विचारत राहिलेल्या माणसांनी केलं.

कंटेनर पीथमपूरला पोहोचले. तिथले लोक रस्त्यावर उतरले, कारण आता तो कचरा त्यांच्या गावाजवळ जाळला जाणार होता. त्याच वर्षी तो जाळला गेला. जाळल्यावर राख उरते, आणि राखेचं पुढे काय, हा प्रश्न आता पीथमपूरचा आहे. त्याचा कुठलाही प्रसिद्ध फोटो माझ्या पाहण्यात नाही.