अलीशा बाहेर आला नाही

(मननासाठी वचन : २ राजे ५:१-२७)



नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला आपण अजून जिवंत आहोत, हे सरकारला कळवावे लागते. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. तो वेळेवर पोहोचला नाही, तर माणूस खडखडीत असूनही त्याचे निवृत्तिवेतन थांबते. पूर्वी बँकेत जाऊन ओळख पटवली व सही केली की काम होत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू झाली आणि यंत्रावर बोट टेकवूनही हा दाखला मिळू लागला. आधारच्या नोंदीतील ठशाशी बोटाचा ठसा जुळला, की आपण जिवंत ठरतो.

मी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन जबलपुरात स्थायिक झालो आहे. गेल्या वर्षी मी एका बँकेच्या शाखेत या कामासाठी गेलो. कागदी फॉर्म संपले होते. कोपऱ्यातील टेबलावर यंत्र घेऊन एक तरुण मुलगी बसली होती. नोकरीत नुकतीच लागलेली असावी. मी उजवा अंगठा टेकवला. जुळला नाही. डावा टेकवला. मग तर्जनी, मग मधले बोट. दहाही बोटे झाली. परंतु त्या इवल्याशा काचेने मला ओळखले नाही. मागे रांग वाढत होती. ती मुलगी शांतपणे हिंदीत म्हणाली, "बाबूजी, कोमट पाण्याने हात धुऊन, नीट पुसून या. बोटे फार कोरडी पडली आहेत."

वाचकहो, मला काय झाले, ते सांगायला आज लाज वाटते. सदतीस वर्षे नोकरी केलेल्या, मंडळीत वडीलजन म्हणून बसणाऱ्या माणसाला ही पोर हात धुवायला सांगते! मी आवाज चढवला. मॅनेजरसाहेबांना बाहेर बोलवा, म्हणालो. काचेच्या खोलीत ते दिसत होते. फोनवर बोलत होते. बाहेर आले नाहीत. मी त्या मुलीला आणखी दोन शब्द सुनावले. ते येथे लिहीत नाही. मग तावातावाने घरी आलो.

घरी येऊन मदतवाहिनीला फोन लावला. हिंदीसाठी अमुक अंक दाबा, निवृत्तिवेतनासाठी तमुक दाबा, मग बराच वेळ संगीत. शेवटी एक तरुण आवाज आला. मोबाइलवरून दाखला काढता येतो का, असे मी विचारले. त्यासाठी लागणारे ॲप माझ्या फोनवर अडकून पडत होते. तो म्हणाला, "सर, एकदा फोन बंद करून पुन्हा सुरू करा." मी म्हणालो, "हे सांगायला तुम्हाला पगार मिळतो काय?" आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत नामानाचा अध्याय वाचायचा होता. या अध्यायावर मी आयुष्यात दोनदा उपदेश केला आहे. दोन्ही वेळा आज्ञापालन हाच विषय घेतला होता. त्या दिवशी मात्र वाचता वाचता माझा आवाज अडखळला. पत्नीने वर पाहिले, पण ती काही बोलली नाही.

नामानाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. तरी तिच्यातील काही गोष्टी पुन्हा पाहाव्यात, अशी विनंती आहे. अरामाचा हा सेनापती मोठा माणूस होता, परंतु कोडी होता. शास्त्रातील 'कोड' या शब्दात त्वचेचे अनेक विकार येतात. आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तोच हा होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्याच्या घरी इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी होती. शास्त्र तिचे नाव देत नाही. शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो बरे करील, एवढीच माहिती तिने आपल्या धनिणीला दिली. पत्ता अचूक होता. आता पुढे काय झाले, ते पाहा. माहिती धनिणीकडून नामानाकडे गेली, नामानाकडून अरामाच्या राजाकडे गेली आणि राजाने पत्र लिहिले ते इस्राएलाच्या राजाला! त्या पत्राचा मजकूर सहाव्या वचनात आहे. त्यात संदेष्ट्याचा उल्लेखच नाही. तुझ्याकडे पाठवलेल्या या माणसाचे कोड तू बरे कर, असा त्याचा आशय आहे. मुलीने सांगितलेली एकमेव उपयोगी गोष्ट पायऱ्या चढता चढता गळून पडली. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे फिरलेल्या प्रत्येक माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. इस्राएलाच्या राजाने पत्र वाचून कपडे फाडले. बिचारा! हे काम त्याच्या खात्यातले नव्हतेच.

शेवटी घोडे व रथ अलीशाच्या दाराशी उभे राहिले. दहा किक्कार रुपे, सहा हजार शेकेल सोने व दहा पोशाख बरोबर होते. आणि अलीशा बाहेर आला नाही. त्याने निरोप्या पाठवला : यार्देनेत सात वेळा स्नान कर.

नामान संतापला. अकरावे वचन अवश्य वाचा. संदेष्टा कसा येईल, कसा उभा राहील, देवाचे नाव कसे घेईल, हात कसा फिरवील, हे सारे चित्र त्याने मनात आधीच रंगवून ठेवले होते. मूळ हिब्रू वाक्यात 'माझ्याकडे' हा शब्द आरंभीच येतो. माझ्याकडे तो बाहेर येईल! त्याच्या दुःखाचे मूळ या एका शब्दात आहे. मग त्याला दिमिष्कच्या अबाना व परपर या नद्या आठवल्या. त्या यार्देनेहून चांगल्या असतीलही. पण त्यांच्या पाण्याच्या गुणदोषांचा प्रश्न तेथे कोणी काढला होता?

मी स्वतःला विचारले, मला राग कशाचा आला होता? दाखला न मिळाल्याचा म्हणावे, तर दाखल्याची मुदत अजून तीन आठवडे होती. उपाय कठीण असल्याचा म्हणावे, तर पाण्याचा नळ दहा पावलांवर होता. मला राग आला तो उपाय फार सोपा होता म्हणून, आणि तो सांगणारी व्यक्ती लहान होती म्हणून. मॅनेजरसाहेबांनी बाहेर येऊन तेच वाक्य उच्चारले असते, तर मी आभार मानून नळाकडे गेलो असतो.

त्यातही ती मुलगी बरोबर होती. बोटांच्या टोकांवरील उंच-सखल रेषा यंत्र वाचते. वय वाढते तशा या रेषा झिजतात, त्वचा कोरडी होते, थंडीत तर अधिकच. मग काचेवर स्पष्ट रेषा उमटत नाहीत. फोनवरील तो तरुणही बरोबर होता. फोनवर अनेक कामे अर्धवट अडकून राहतात. तो बंद करून सुरू केला की ती निकाली निघतात व फोन नव्याने आरंभ करतो. दोघांनी मला खरे तेच सांगितले होते. मीच ते ऐकून घेण्यास राजी नव्हतो.

येथे एक गैरसमज होऊ नये. ख्रिस्ती माणसाने सर्व निमूटपणे सोसावे, असे मी म्हणत नाही. विटा, चुना वा भांडी यांत राबणाऱ्या हातांच्या रेषा ऐन तारुण्यातही पुसट होतात. रेशन दुकानातील यंत्राने असा अंगठा नाकारला, तर त्या घरचे धान्य अडते व मजुराचा एक दिवस बुडतो. तेथे बोलले पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा बोलले पाहिजे. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा त्या अन्यायी न्यायाधीशाला सोडत नाही आणि प्रभू तिला दोष देत नाही. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. वस्तू व सेवांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. या वाटा वापराव्यात. परंतु त्या विधवेने आपली फिर्याद ज्याच्या हाती निर्णय होता त्याच्यापुढे नेली. दारावरच्या शिपायाला तिने शिव्या दिल्याचे कोठे लिहिलेले नाही. मी मात्र निर्णय ज्याच्या हाती होता त्याच्या काचेकडे पाहिले आणि तोंड सोडले ते टेबलावरच्या मुलीवर.

आणखी एक गोष्ट ओघात सांगतो, कारण आपल्यातील वृद्धांना तिची गरज आहे. अलीशाने नामानाकडून काहीच घेतले नाही. परंतु त्याचा सेवक गेहजी रथामागे धावला, धन्याचे नाव सांगून खोटी कहाणी रचली आणि दोन किक्कार रुपे व दोन पोशाख घेऊन आला. हयातीच्या दाखल्याचे नाव सांगून फोन करणारे गेहजी आज पुष्कळ आहेत. ते फार गोड बोलतात, आपणहून धावत येतात. फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता नामानाच्या चाकरांकडे वळू. धनी संतापून निघालेला असताना त्याच्या रथाजवळ जाणे सोपे नव्हते. तरी ते जवळ गेले आणि त्यांनी त्याला 'बापा' म्हणून हाक मारली. संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर आपण केले असते ना, एवढेच त्यांनी विचारले. हा शब्द वाचताना मला 'बाबूजी' आठवले. मी ओरडल्यानंतरही त्या मुलीने मला बाबूजीच म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी मी कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून बँकेत गेलो. सर्वप्रथम तिची क्षमा मागितली. ती गोंधळली आणि यंत्र पुसू लागली. मी अंगठा टेकवला. जुळला नाही! नामानाला सात बुड्या माराव्या लागल्या. सहावी बुडी मारून वर आल्यावर त्याच्या अंगावर काही फरक दिसल्याचे शास्त्र सांगत नाही. पाण्यातून वर येऊन पुन्हा खाली जाताना काठावर उभ्या असलेल्या चाकरांकडे त्याने पाहिले असेल काय?

तेव्हा ती म्हणाली, "फोन दाखवा." फोन मी रात्रीच बंद करून पुन्हा सुरू केला होता. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही हा दाखला मिळतो, हे मला ठाऊक नव्हते. तिने मला खिडकीकडे तोंड करून उभे केले, चश्मा काढायला लावला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले. पहिल्या खेपेस मी इतका जोर लावून डोळे मिटले, की रांगेतील लोक हसले. दुसऱ्या खेपेस जमले. थोड्या वेळात संदेश आला : दाखला तयार झाला. सरकारदरबारी मी आणखी एक वर्ष जिवंत ठरलो.

या नोव्हेंबरात मी दर रविवारी उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. ज्यांना जमत नाही, त्यांचे दाखले फोनवर काढून दिले. जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो, तेही सांगितले. तिसऱ्या रविवारी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांना मी खिडकीकडे तोंड करा, चश्मा काढा, डोळे मिटा व उघडा, असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिले आणि विचारले, "हे तुम्ही सांगणार? पास्टरसाहेब कुठे आहेत?"

पास्टरसाहेब वेस्ट्रीत कोणाशी तरी बोलत होते. ते बाहेर आले नाहीत. मी गुरुजींसाठी खुर्ची उजेडाकडे सरकवली.