औषध कोणाच्या मालकीचे?

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली. तिचे काय करावे ते आपण ठरवावे, असा व्यवहाराचा नियम आहे. हा नियम प्रतिजैविक औषधाला लागू पडतो काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

बहुतेक जिवाणूंच्या देहाभोवती एक भिंत असते व ती सांधण्याचे काम काही विकरे करतात. पेनिसिलीनचा रेणू त्या भिंतीच्या घटकासारखाच भासतो. विकर त्याला धरते आणि अडकून पडते. भिंत अपुरी राहून जिवाणू फुटतो. मानवी पेशीला अशी भिंत नसल्याने रोगी सुखरूप राहतो. विषाणूलाही ती नसते. म्हणूनच साध्या सर्दीवर हे औषध व्यर्थ होय.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. परंतु त्याला तोडणारे विकर जिवाणूंपाशीही असते. म्हणून शास्त्रज्ञांना नवे रेणू रचावे लागतात. वोखार्टच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रात घडलेले झिडेबॅक्टम त्यांपैकीच एक. भिंत सांधणाऱ्या एका विकराला ते धरते, तर जोडीचे सेफेपाइम दुसऱ्याला. अशा रेणूमागे वर्षानुवर्षांचे श्रम असतात; आणि अनावश्यक घेतलेली प्रत्येक मात्रा प्रतिकारक्षम जिवाणूंना वाव देते. अपुऱ्या मात्रेचा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. तेव्हा गोळी आपण विकत घेतली, तरी तिचा गुण सर्वांच्या सामाईक ठेवीतला आहे.

मग ही ठेव उधळण्याचा दोष कोणाचा? राजुऱ्याच्या शिवारात कापूस वेचणारी बाई पाच दिवसांऐवजी दोनच दिवसांच्या गोळ्या घेते, कारण तेवढेच पैसे पदरी असतात. नीतिशास्त्र सांगते की, दोष ठरवताना जाणीव आणि स्वातंत्र्य ही दोन्ही पाहावीत. तिच्यापाशी स्वातंत्र्य नाही. तिला बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सर्दीसाठी ‘जोरदार गोळी द्या’ असा हट्ट धरणारे सुशिक्षित, त्या हट्टापुढे नमणारा डॉक्टर आणि चिठ्ठीविना विकणारा दुकानदार यांच्यापाशी मात्र दोन्ही आहेत. अनुसूची एच-१ मधील औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे. पण नोंदवही सद्सद्विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून वाचकहो, आपले कर्तव्य दुहेरी आहे. गरज नसता औषध मागू नये, हे पहिले. दुसरे अधिक कठीण: त्या बाईच्या उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांचा भार आपण उचलावा. त्याला कोणी दान म्हणोत. आमच्या मते ते सामाईक ठेवीचे देणे आहे.