कुंपण आणि संयम

इच्छेवर ताबा मिळवणे साधत नाही, तेव्हा मनुष्य परिस्थितीवर ताबा मिळवू पाहतो. हाती पैसा टिकत नाही म्हणून तो मुदत ठेवीत अडकवतो, पहाटे जाग येत नाही म्हणून गजराचे घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. वजन उतरवण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया हा याच जातीचा, परंतु टोकाचा उपाय होय. येथे माणूस आपला देहच बदलून घेतो. 2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांतून तिची बरीच चर्चा झाली. पुढे ती मोठ्या शहरांपुरती राहिली नाही. आमच्या सिल्वासा-वासोणा परिसरातूनही माणसे मुंबई-सुरतेस जाऊन ती करून येतात. वर्षभरात कपडे सैल होतात, गुडघे हलके होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात. मग दोन-तीन वर्षांनी खाणे हळूहळू सुटू लागते आणि काटा पुन्हा वर सरकतो. अशा वेळी दोष कोणाचा मानायचा? आणि मार्गावर परत येणे म्हणजे नेमके काय करणे? प्रश्न वैद्यकाचा दिसतो. पण त्याचा गाभा नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. या शस्त्रक्रियेच्या एका प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात व केळीच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारा घ्रेलिन नावाचा संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत पहिले वर्ष-दीड वर्ष थोडक्यात तृप्ती होते. पुढे देह या नव्या व्यवस्थेला सरावतो आणि गमावलेले वजन परत मिळवू पाहतो. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी 23 टक्के, दहा वर्षांनी 17 टक्के आणि वीस वर्षांनी 18 टक्के घटलेले आढळले. म्हणजे थोडे वजन परत येणे हा देहधर्म आहे, आणि मिळवलेले बरेचसे टिकते, हेही तितकेच खरे. चार किलो वाढले म्हणून स्वतःला पतित ठरवणाऱ्याने हे आकडे आधी ध्यानात घ्यावेत.

मात्र सारेच देहधर्माच्या माथी मारता येणार नाही. शस्त्रक्रिया आवरते ते प्रामुख्याने प्रमाण. काय खावे, हे ती ठरवत नाही. लहान झालेल्या जठरात भाकरी-उसळीचे भरपूर जेवण मावत नाही, पण दर तासाला मूठभर चिवडा सहज मावतो. आइस्क्रीम, सरबत, साखरेचा चहा हे तर अडथळ्याविना ओघळून जातात. दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर गोडाने अनेकांना घाम फुटतो, छाती धडधडते, गरगरते. परंतु हा पहारेकरी सर्वांच्या दारी नसतो आणि कायमचाही नसतो. मद्याचे तर आणखीच वेगळे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि येथे दुकाने उघडी, अशा आमच्या गावी हे मुद्दाम सांगावे लागते. शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर भिनते, आणि अन्नाची जागा मद्याने घेतल्याची उदाहरणे वैद्यांना ठाऊक आहेत.

वासोण्याला कुंपण घालून सिंहांसाठी उद्यान करण्यात आले. त्या कुंपणाआड फिरणारा सिंह वाटसरूवर झडप घालत नाही, एवढ्यावरून त्याने अहिंसाव्रत घेतले असे कोणी म्हणणार नाही. कुंपण आणि संयम यांतला भेद असा उघड आहे. ॲरिस्टॉटलने दोन प्रकारची माणसे वेगळी काढली होती. एकाला अनुचित इच्छा होते, पण तो तिला आवरतो. दुसऱ्याची इच्छाच मुळात प्रमाणात असते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष माणसाला या दुसऱ्याची स्थिती उसनी देते. भूकच कमी, म्हणून झगडा नाही. उसनवारीची मुदत संपली की पहिल्याचे काम सुरू होते.

म्हणून शस्त्रक्रियेला पळवाट म्हणावे काय? आमच्या मते मुळीच नाही. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. कुंपणाने सद्गुण मिळत नसेल. अवकाश मात्र मिळतो, आणि त्या अवकाशात सवयी रुजवता येतात. चावून खाणे, जेवताना पाणी न पिणे, आधी डाळ, अंडे, मासळी किंवा दही आणि नंतर भात-पोळी, ठरल्या वेळीच जेवणे, या गोष्टी किरकोळ दिसतात. पण मार्गावर परत येणे म्हणजे बहुतांशी याच गोष्टींकडे परत येणे.

आपला समाज येथे दोन प्रकारे चुकतो. पहिली चूक आग्रहाची. पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकणे हा आपण आदर समजतो, आणि पान टाकू नये हा उत्तम संस्कार त्याच्या गळ्याशी आणतो. मुळात कमी वाढले तर अन्नही वाया जाणार नाही आणि देहही. दुसरी चूक हिणवण्याची. ‘एवढे पैसे घालून शेवटी काय झाले?’ या वाक्याने कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. त्याने माणूस लपून खाऊ लागतो आणि तपासणीला जाणे टाळतो. हे टाळणे घातक असते, कारण अशा देहाला जीवनसत्त्वे, लोह आणि विशेषतः बी-12 यांची देखरेख जन्मभर लागते. वजन का वाढले, हेही तपासणीनेच कळते. जोडणीत बिघाड, थायरॉईड, एखादे औषध, खिन्नता, काहीही असू शकते. 2025 पासून भूक मंदावणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. ती घ्यावीत की नाही, हे वैद्यानेच ठरवावे.

येथे एक कठोर आक्षेप येईल. खानवेलच्या डोंगरात वारली-कोकणा घरांतली मुले नागलीवर दिवस काढतात, आणि आम्ही अतिखाण्याच्या प्रायश्चित्ताची चर्चा करतो! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे 24 टक्के स्त्रिया स्थूल, तर सुमारे 19 टक्के कृश आढळल्या. आक्षेपातली वेदना खरी आहे. पण या दोन्ही व्याधी परस्परांच्या वैरी नाहीत. स्वस्त तळलेल्या पुड्या पाड्यावरच्या दुकानातही लटकतात. पोषण न देता पोट भरणारे अन्न दोघांनाही फसवते. लठ्ठ माणसाच्या लाजेने कृश मुलाचे पोट भरत नाही. ते भरण्याचे कर्तव्य वेगळे आहे आणि सर्वांवर सारखे आहे.

राहिला प्रश्न परतण्याचा. चार दिवस केवळ पातळ पदार्थ घेऊन जठर पुन्हा आकसते, अशी एक समजूत आहे. जठर तसे आकसत नाही. कडक व्रत आणि मग दणदणीत पारणे, या आपल्या जुन्याच खोडीचा तो नवा अवतार आहे. त्यापेक्षा विश्वामित्र आठवावा. मेनकेमुळे त्याचे तप भंगले, रंभेवरच्या क्रोधाने पुन्हा भंगले. प्रत्येक वेळी त्याने जागा झाडली आणि पुन्हा आसन घातले. रामायणाच्या बालकांडात अशी कथा आहे की, दीर्घ व्रत संपवून तो अन्न घ्यायला बसला तोच ब्राह्मणवेषात इंद्र येऊन ते मागू लागला, आणि त्याने ते सारे देऊन टाकले. घास समोर असतानाचे हे सामर्थ्य त्याला पहिल्या आसनावर लाभले नव्हते. मोडलेली आसने मोजत बसला असता, तर ते कधीच लाभले नसते.

संयम हा एकदा मिळवून कपाटात ठेवण्याचा दागिना नव्हे. तो रोजच्या पानावर रोज नव्याने वाढून घ्यावा लागतो. सर्जनची सुरी एकदाच चालते; पुढच्या जेवणाचा निर्णय मात्र दर जेवणाला उरतोच. काल चुकलेल्या माणसालाही तो उद्या सकाळच्या न्याहारीला पुन्हा मिळणार असतो, यातच त्याची आशा आहे.